मचूळ पाण्याचा एक पेला

३ जून
दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली. भांडी घासून, कपडे वाळत घालून बागेत पोचले, तर हे पंपाशी बादली धरून उभे. "ये, चहा तयार आहे." पंपाचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. जमिनीत पीट, म्हणजे कुजलेल्या शेवाळाची काळी माती, आणि पलीकडे समुद्र. म्हणून तपकिरीही आणि मचूळही. बागेला नळ नाही. "यंदा मीठ काढणारा माझा फिल्टर चालवतोच," म्हणाले होते.
हे जाऊन दीड वर्ष झालं. आज पाहिलं, यांच्या अळूची पानं कडांनी करपलीत. पाऊस नाही, पिंप कोरडं.

७ जून
फिल्टर लावला. तासाभरात तुंबला. आत तपकिरी बुळबुळीत थर. धुतला, लावला, परत तेच. शेवटी यांची वही काढली. केमिस्टची वही, तीही जर्मनमध्ये, निम्मं कळत नाही. शब्दकोश घेऊन बसले. एक ओळ कळली: आधी रंग, मग मीठ.
मुलीचा फोन. मी मराठीत, ती जर्मनमध्ये, नेहमीचंच. म्हणे, आई, सोड ना, ते बाबाचं यंत्र आहे.
म्हटलं, म्हणून तर.

११ जून
रंग काढायचा तर तुरटी! आई रांजणात फिरवायची तशी फिरवली. गाळ खाली, पाणी लख्ख. इतका आनंद झाला की बादलीभर थेट अळूला घातलं. शेजारच्या बागेतली हेल्गा कुंपणावरून, "आता पिणार की काय?"

१४ जून
आणखी दोन पानं गेली. यांचं क्षार मोजायचं मीटर बुडवलं. क्षार होते तेवढेच, उलट किंचित जास्त. स्वच्छ दिसलं म्हणजे गोडं, हे डोक्यात कुठून बसलं? आमच्या गावी पाणी गढूळ असायचं, खारं नाही. मूर्ख बाई. एक पान उरलंय आणि एक गुंडाळलेला कोंब.
हेल्गा: "घरून नळाचं आण की सायकलवर!"
बरोबर आहे तिचं. म्हणूनच राग आला.

१८ जून
परवा, तुरटी फिरवून निवळलेलं पाणी फडक्यातून गाळलं, मग फिल्टरला लावलं. तुंबला नाही. पण थेंब थेंब. सकाळपासून दुपारपर्यंत एक पेला. मीटर आधीच्या निम्म्याच्याही खाली. घोट घेतला, मीठ लागलं नाही. सांगायचं कोणाला? हेल्गाला दाखवला. "हो, हो, छान. आणि बादली कधी भरणार?"
अळूला बादलीच लागते.
दुसऱ्या दिवशी घरून दोन कॅन नळाचं पाणी सायकलवर नेलं, अळूला घातलं. वर तो पेला ओतला. मग पंप मारून बादली भरली आणि तुरटी फिरवली.