श्रीनगरचे मैल, नागपूरची तिकिटं

लातूर, मंगळवार, एप्रिल

परवा हैदराबादहून दिल्लीला गेले आणि पुढच्याच विमानानं परत आले. काम काहीच नव्हतं! डाळमिलची यंत्रं विकत मी देशभर फिरते, त्याचे मैल विमान कंपनीकडे साठतात आणि त्यांवर फुकट तिकिटं मिळतात. आईला श्रीनगर दाखवायला थोडे कमी पडत होते, म्हणून ही फेरी. पण त्याच दिवशी गल्लीत टँकर आला. साठाव्या वर्षी आईनं एकटीनं पाणी कसं भरलं असेल? विचारायचं धाडस झालं नाही.

आज ऐटीत सांगितलं, "आई, दोन तिकिटांपुरते मैल जमले. श्रीनगर!"

"तिकडं माझं कोण हाय? दसऱ्याला दीक्षाभूमीला ने."

नागपूरसाठी एवढे मैल घालवायचे? शुद्ध उधळपट्टी. मी समजावत होते, तर तिनं मधेच विचारलं, "दोघींच्या काश्मिरात नागपूरला किती जणी बसतील?"

"चौघी," म्हणाले आणि फसले.

"मग शेजारच्या सुमनला आन् कमलला घे. दरवर्षी तिघी रेल्वेत दाराशी बसून जातो. परवा टँकरवर माझे हंडे त्यांनीच उचलले."

दिल्लीची फेरी पुन्हा टोचली. पण मग लॅपटॉप उघडला आणि नागपूरची चार तिकिटं काढली. तीन वर्षांचे मैल संपले. वाटलं होतं जीव हळहळेल, तर हसूच येत होतं.

आईनं लगेच भिंतीवरून हाक मारून शेजारी सांगितलं. तेवढ्यात सुमनमावशी दारात. "बाई, इमानात दशम्या नेऊ देतेत का?"

"भरपूर घ्या," म्हणाले. "मलाही लागतील."