मसाफीपलीकडच्या न सापडलेल्या खाणीची वाटणी

लिहून ठेवतो मी, मुरलीधर सखाराम धुरी, वय अठ्ठावन्न, ड्राफ्ट्समन, मूळ गाव कुडाळ, हल्ली मुक्काम अल कुसैस, दुबई, ते असे: माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांची याला हरकत नाही. माझी पत्नी सौ. उर्मिला हिची होती, पण मजकूर ऐकल्यावर तिने ती मागे घेतली. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझ्यामागे कुडाळच्या घरावरून बहीण-भावात भांडण राहू नये, म्हणून कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र करतो. यापूर्वी केलेले नाही. खाण सापडल्यावर करू, असे ठरले होते.

१. कुडाळचे घर कागदोपत्री माझ्या नावावर आहे. खरेदीच्या वेळी मी रजेवर गावी होतो आणि उर्मिला दुबईत, एवढेच त्याचे कारण. उर्मिलेचा धाकटा भाऊ नागेश परब या घरावर निम्मा हक्क सांगतो. का सांगतो ते लिहिणे भाग आहे, नाहीतर वाचणारा त्याला लबाड समजेल. तो लबाड नाही. लबाड माणूस एव्हाना थकला असता.

२. सन १९९१ साली मीना बाजारातील टेलर हमदुल्ला याने माझ्या सफारी सुटाचे माप घेता घेता सांगितले, की मसाफी गावापलीकडच्या डोंगरात जुन्या राजाची सोन्याची खाण आहे आणि तिचे तोंड दगडांनी बुजवलेले आहे. त्याच आठवड्यात, शुक्रवारच्या सुट्टीला, नागेश आणि मी त्याच्या पिकअपने निघालो. बंपरवर नारळ फोडून ठरवले: डोंगरातून जे निघेल ते निम्मे-निम्मे.

नागेशची एक अट होती. ती आमच्याकडचा कोणीही समजेल. धनाला राखणदार असतो, आणि त्याच्या हद्दीत धनाचे नाव उच्चारले की धन खाली सरकते. डोंगरात बकऱ्या राखणारे तय्यबचाचा भेटले. त्यांनी हिंदीत विचारले, “क्या ढूंढता है?”

नागेश घाईघाईने म्हणाला, “शहद.”

“शहद? यल्ला, आओ!”

त्यांनी कपारीतले पोळे दाखवले, मध काढून दिला. पुढच्या खेपेला दुसरी कपार. माणूस इतक्या मायेने देतो म्हटल्यावर नको म्हणवत नव्हते, आणि खरे काय हवे ते सांगायची सोय नव्हती. वर्षे अशी गेली. खाण आम्ही शोधली ती मध काढून झाल्यावर जो वेळ उरे त्यात.

३. तो मध उर्मिलेने गाळला, बाटल्यांत भरला आणि बर दुबई भागात देवळाच्या गल्लीत बायकांना विकला. आमचा मुलगा वेद याचे शिक्षण आणि कुडाळचे घर त्यातून झाले. माझ्या पगारातून पिकअपचे टायर झाले.

४. मागच्या हिवाळ्यात मी तय्यबचाचांना मसाफीच्या बाजारात, म्हणजे राखणदाराच्या हद्दीबाहेर, खरे ते सांगून टाकले. ते पोट धरून हसले. “सोना? मेरा बाप सारी उमर ढूंढा, हबीबी. इसीलिए हम बकरी पालता है.”

नागेशला हे कळल्यावर तो उठून उभाच राहिला. “बघा भावजी! त्यांचा बाप उगाच जन्मभर शोधेल?”

गेल्या शुक्रवारी जेवताना त्याने घर विकायचे काढले. त्याच्या निम्म्यात ड्रिलिंग मशीन येणार होते.

“घर कशात आलं तुझ्या?” उर्मिलेने विचारले.

“मध डोंगरातून निघाला ना, ताई? नारळ फोडलाय.”

“नारळ तू फोडलास. बाटल्या कोणी धुतल्या? राखणदाराने?”

वेद म्हणाला, “मामा, देअर इज नो माइन.”

“इंग्रजीत सांगितलंस म्हणून ती नाहीशी होत नाही,” नागेश म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली. त्यानंतर बहीण-भाऊ बोललेले नाहीत.

५. किरकोळ वस्तू. मेटल डिटेक्टर बिल्डिंगचा वॉचमन मोहिद्दीन याला द्यावा. पेप्सीची बुचे आणि लँड क्रूझरचा एक नट एवढेच त्या यंत्राने आजवर शोधले आहे, पण भाडेकरूंच्या हरवलेल्या किल्ल्या त्याला जमतील. डोंगरातून आणलेल्या काळ्या दगडांची गोणी वेदला. ती सोन्याची शीर नसून तांब्याच्या जुन्या भट्टीतला मळ आहे, हे त्यानेच तपासून आणले आणि मामाला सांगितले नाही. याबद्दल मी त्याचा आभारी आहे. सफारी सूट हमदुल्लाला परत करावा. तो पहिल्या दिवसापासून काखेत काचतो. माप घेताना त्याचे लक्ष कुठे होते, ते वर आलेच आहे.

६. आता मुख्य. काल मी नागेशला बोलावून विचारले: घराचा निम्मा हक्क हवा, की अख्खी खाण? घर घेतलेस तर खाणीतला माझा निम्मा वाटा वेदकडे जाईल. तो तिकडे फिरकणार नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय तुला कुदळ मारता येणार नाही.

नागेशने चहाचा कपही खाली ठेवला नाही. “खाण. पण दगडधोंड्यांसकट लिहा, भावजी. मागाहून भानगड नको.”

सबब, मसाफीपलीकडील सोन्याची खाण तिचे तोंड, शिरा, गाळ आणि दगडधोंडे यांसह नागेश परब यास एकट्याला देतो. माझा, उर्मिलेचा किंवा वेदचा तिच्यावर हक्क राहिलेला नाही. कुडाळचे घर, विहीर आणि मागील काजूची झाडे यांसह, उर्मिलेचे एकटीचे आहे. मधही तिचाच.

नागेशने संमती लिहून एका दमात सही केली आणि ताईकडे पाणी मागितले. तिने दिले, वर लाडूही दिला. मग मी पेन घेतले आणि खाणीची ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसलो. उर्मिलेने हळूच विचारले, “घराचं वाईट वाटतंय का?”

घराचे नव्हते. सही करत आहे.

मुरलीधर सखाराम धुरी

संमती: खाण पूर्ण मिळाली. तक्रार नाही. नागेश परब

साक्षीदार: १. दौलत गावडे, शेजारी. २. सौ. रंजिता गावडे, शेजारी.

अल कुसैस, दुबई. शुक्रवार, ७ मार्च २००३.