टाकून दिलेलं पान

सनीव्हेल,
१४ मार्च १९८४

प्रिय वर्ना,

पाच वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा आधी खुशाली. मी बरा आहे. जर्दाळूंना फुलं आलीत, म्हणजे उरलीत तेवढ्या झाडांना. बाकीच्यांच्या जागी कंपन्या उभ्या राहिल्या. स्वयंपाक अजून जमत नाही. डब्यातलं सूप गरम करतो आणि मशीनसमोर बसून एकटाच पितो.

कॉम्प्युटरवर लिहिण्याचा माझा प्रोग्रॅम चांगला खपतोय. लोक म्हणतात, हा माणूस वापरणाऱ्याच्या मनातलं ओळखतो. असं कुणी म्हटलं की मला लाज वाटते.

तो रविवार तुला आठवत असेलच. तुला मी माझ्या स्वयंपाकघरात मशीनसमोर बसवलं होतं. "मनात येईल ते टाइप कर. मी पडदा बघणार नाही, फक्त तुझे हात बघणार," असं सांगितलं होतं. शिवाय माझा नियम होता की मी बोलायचं नाही, मदत करायची नाही. अडखळलीस तर चूक माझी. तू म्हणालीस, "हे मशीन आहे की माझी सासू? कितीही नीट करा, तोंड वाकडंच."

मग तू बराच वेळ टाइप करत राहिलीस. 'ठेवा' आणि 'टाकून द्या' या कळा मी शहाण्याने शेजारी-शेजारी दिल्या होत्या. तुझं बोट चुकलं.

"रोलंड, सगळं गेलं रे. आता?"

मी नियम पाळला. तू हात मांडीवर ठेवून बसलीस. मी वहीत लिहिलं, 'चार मिनिटं हालचाल नाही.' तू कोट उचललास आणि मोडेस्टोला नवऱ्याकडे निघून गेलीस. मला वाटलं, मशीनवर चिडलीस. दुसऱ्याच दिवशी मी त्या कळा लांब केल्या, टाकण्याआधी मशीन विचारेल असं केलं. आज त्याचंच कौतुक होतं. तुला मात्र साधा फोन केला नाही.

सध्या टाकलेला मजकूर परत आणण्याची सोय करतोय. टाकलेलं पान लगेच जात नसतं. वर दुसरं काही लिहीपर्यंत फ्लॉपीवर तसंच पडून असतं. गेल्या आठवड्यात चाचणीसाठी जुनी फ्लॉपी शोधताना त्या रविवारची तुझी हाती लागली. पान जसंच्या तसं आलं.

"रोलंड, तोंडाने सांगायला जमत नाही म्हणून इथे लिहिते. ड्वेन हात उचलतो. काही दिवस तुझ्याकडे राहू का?"

वर्ना, मी तीनदा वाचलं आणि रडलो. तू जिन्यावरून पडलीस, मनगट मोडलं, असं मावशीने कळवलं तेव्हाही मी विचारपूस केली नव्हती.

पत्र तुझ्या शाळेच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे ड्वेनच्या हाती पडणार नाही. शुक्रवारी, तेवीस तारखेला, तुझं ऑफिस सुटेल तेव्हा शाळेच्या फाटकासमोर गाडी घेऊन उभा असेन. आली नाहीस तर पुढच्या शुक्रवारी, आणि त्याच्याही पुढच्या. पलंग तुझा, मी सोफ्यावर झोपेन.

राहू का, म्हणून विचारलं होतंस. हो. राहा.

उत्तराला पाच वर्षं लावणारा,
तुझा भाऊ
रोलंड