वायफाय तुटत नाहीये, दादा

दादा,

सकाळपासून तुझा लॅपटॉप घेऊन बसले होते. वायफाय आपोआप बंद करणारी सेटिंग काढली, राउटर फ्रिजमागून उचलून तुझ्या टेबलावर ठेवला. मग व्हिडिओ लावून तासभर घरात येरझाऱ्या घातल्या. कनेक्शन एकदाही तुटलं नाही.

मंगळवारी तुझी ऑनलाइन मुलाखत चालू असताना मी चहा घेऊन दारात आले होते. नंतर तू ‘वायफाय तुटलं’ म्हणालास, पण ते तूच बंद केलंस, हे मी पाहिलं. आईला बोलले नाही. माझीच बघण्यात चूक झाली असेल, या आशेने आज एवढी खटपट केली.

अकराला पुन्हा मुलाखत आहे. दुकानात माझ्याने बसवणार नाही, म्हणून आईला दुकानाचं कुलूप उघडून देऊन साडेदहाला परत येते. बाहेरच्या खोलीतच असेन. छातीत धडधडलं तर त्यांना ‘एक मिनिट’ म्हण आणि मला हाक मार.

छोटी