खोट्या पेशंटचा खरा कान

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून (कंबर परवानगी देईल तितकं) नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींचा गुडघा जिने मोजत असेल आणि तुम्ही दोघं अजूनही एकाच वर्तमानपत्रावरून भांडत असाल, असं धरून चालतो. तुझी भावजय ठीक आहे. ती माझ्याशी मोठ्याने बोलते, पण त्याचं कारण पुढे येईल.

नाटक सोडल्याला वर्ष होत आलं. आठ महिने मी घरात येरझाऱ्या घालत होतो आणि दाराशी आलेल्या कुरिअरवाल्यालाही संवाद म्हणून दाखवत होतो. शेवटी आमचे जुने प्रॉम्प्टर (आता डॉक्टरकीच्या कॉलेजात कारकून आहेत, पण सवयीने अजून कुजबुजतातच) म्हणाले, आमच्याकडे खोटे पेशंट लागतात. म्हणजे असं, की विद्यार्थ्यांनी खऱ्या माणसावर हात साफ करण्याआधी एखाद्या नटाला तपासायचं. एकतीस वर्षं रंगभूमीची सेवा केलेल्या माणसाने पोटदुखी विकायची का, यावर मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तुझ्या भावजयीने माझा शर्ट इस्त्री करून पुढ्यात ठेवला.

पहिल्याच दिवशी अपेंडिक्स मिळालं. हातात पाच ओळींचा कागद. एवढ्यात काय होणार, म्हणून मी थोडी भर घातली. कण्हत आलो, कॉटच्या दांडीला धरून कोसळलो आणि दूरदेशीच्या (नसलेल्या) मुलीला शेवटचा निरोप दिला. एक विद्यार्थी खरोखर बाहेर धावला आणि दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आत आले. मग तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्हाला अपेंडिक्स आहे. तुम्ही मरत नाही आहात."

ताई, कुठल्याही दिग्दर्शकाला जे साधलं नाही ते त्या बाईंनी आठवड्यात साधलं. मी हळू बोलायला शिकलो. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, दुखतं तिथे नुसता हात ठेवायचा. (खरी माणसं दुखणं सांगताना चक्क ओशाळतात, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.) आणि लक्षात आलं की समोरची पोरं माझ्यापेक्षा जास्त नाटक करतायत. स्टेथोस्कोप कानात घालायला विसरतात आणि आवाज मात्र मोठ्या डॉक्टरांचा. एकाला मी म्हटलं, प्रश्न विचारलास ना, आता थांब, माणसाला उत्तर शोधू दे. बाईंनी ते दाराआडून ऐकलं. आता दर बुधवारी मी पोरांना पेशंटशी बोलायचं कसं हे शिकवतो. साठाव्या वर्षी मास्तर झालो.

गेल्या महिन्यात त्यांची परीक्षा होती. मला पाठदुखी दिली होती. बारा जणांनी तपासलं. बाराव्या नंबरला एक चष्मेवाली मुलगी आली, डाव्या बाजूला बसली, कागदात बघत तिने काहीतरी विचारलं आणि मी म्हणालो, "मंगळवारपासून." तिने खुर्ची उचलली, उजवीकडे आणून ठेवली आणि तेच परत विचारलं. प्रश्न होता, घरी कोण कोण असतं?

"काका, डाव्या कानाने कमी येतं का?"

मी म्हटलं, कागदावर तसं नाही.

"कागदावर नाहीच," ती म्हणाली आणि पेन खाली ठेवून गप्प बसली. मी शिकवलं होतं तसं. त्या गप्प बसण्यापुढे माझं काही चालेना. मी मान हलवली. (आधीच्या तिघांनी 'रुग्ण गोंधळलेला' असं लिहून मार्क मिळवले होते.) बाईंनी त्याच दिवशी तपासणी करवली. डावा कान जवळपास गेलाय, उजवा निम्मा आहे. पाच-सहा वर्षांचं दुखणं असावं म्हणतात. तुझी भावजय म्हणाली, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम ऐकलं न ऐकलं करता. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझं कानातलं यंत्र कुठल्या दुकानातून घेतलंस? तुला त्यावरून मी काय काय चिडवलंय ते मला आठवतं, तू आठवण करून देऊ नकोस. दुकानात माझ्याबरोबर येशील का? एकटा गेलो तर ऐकू येतं असा अभिनय करून परत येईन.

ता. ता. क. दिग्दर्शकाशी तत्त्वावरून वाजलं म्हणून नाटक सोडलं, असं तुला लिहिलं होतं. काही वाजलं नव्हतं. शेवटच्या प्रयोगात समोरच्याचं वाक्य मला ऐकूच आलं नाही आणि आम्ही दोघं भर स्टेजवर एकमेकांची वाट पाहत उभे राहिलो. तो नट बिचारा नंतर तीनदा घरी आला, मी दार उघडलं नाही. रविवारी त्याच्याकडे जाणार आहे. तू बरोबर चल, आणि मी तत्त्वांबद्दल बोलायला लागलो तर चिमटा काढ.