आक्काच्या वाट्याच्या कुरडया

११ फेब्रुवारी
आज आणखी दोघी तब्येत पाहून गेल्या. "टेन्शन नको घेऊ बाप्पा." टेन्शन म्हणजे काय चहा आहे, नको म्हटलं की संपला? त्यायचा चहा मात्र मीच मांडला. एक म्हणे, "हृदयाच्या नळ्या तं साफ निघाल्या ना, मंग झालं काय तुले?" म्हणजे नळी तुंबली असती तर मी खरी आजारी. हृदय खालून मडक्यासारखं फुगलं होतं ते कोणाले दिसत नाही. दोघींनी बिस्किटाचे पुडे आणले होते. मले गोड खायचं नाही.

१५ फेब्रुवारी
वाशीमले तपासणी. डॉ.बाईनं पडद्यावर दाखवलं, खालचा भाग अजून सुस्त आहे. मोठा धक्का बसला की असं होते म्हणे. गोळ्या चालू ठेवा, पण मनही मोकळं करत जा.
"मनातलं कोणाजवळ बोलता?"
"बहिणीजवळ. केनवडले राहते."
हे बाजूलेच बसून होते. वाईट वाटलं असंन. वाटू दे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यायनं 'काय झालं' असं कधी विचारलं नाही. विचारतात ते 'आता काय झालं'.
निघताना बाई यायले बाजूले घेऊन काही बोलली. रिसोडले घरी आलो. विचारलं तर म्हणे, "मिठाचं सांगतलं."

१९ फेब्रुवारी
घरात नवीन कायदे. टीव्हीवरच्या बातम्या बंद. शिलाई मशीन बंद, वर चादर टाकली. लोकायचे ब्लाउज अर्धे शिवलेले तसेच परत. माझा फोन प्रशांतजवळ. पोरगा मले सांगते, "आई, तुया कानावर वाईट काई पडू द्याचं नाई."
जानेवारीत कोणीतरी फोन केला होता, प्रशांतची गाडी ट्रकखाली गेली म्हणून. गेलेला दुसराच कोणी, गाडीचा रंग तेवढा सारखा. पण मी तिथंच ओट्याजवळ पडली. खोट्या बातमीनं पडली, म्हणून आता खऱ्याही बंद.
एक बरं आहे. संध्याकाळी प्रशांत आक्काले फोन लावून देते. आक्का म्हणजे माझी केनवडची थोरली बहीण. हॅलो नाही, तब्येत नाही, सरळ म्हणते, "मेली नाईस ना? मंग भाजी कोनती केली ते सांग." आज मी इतकी हसली की सून धावत आली, काय झालं म्हणून. हसायची पण सवय मोडली या घराची.

२७ फेब्रुवारी
आक्काले ताप. आवाज खोल गेलेला. तरी म्हणे, "कुरडयाले येनंच हाये मले. तुया हातच्या तं दोरखंडासारख्या जाड येतात." दरवर्षी दोघी मिळून घालतो. गरम चिकाची पहिली वाटी तिची, आणि निघताना अर्ध्या कुरडया तिच्या. मी म्हटलं, आधी दवाखान्यात जाय. म्हणे, "जातो ना मी, हरभरा घरात येऊ दे."
भेटून यावं वाटते. प्रशांतले म्हटलं तर, "एवढा प्रवास तुले झेपन का?" मागच्या वर्षी याले पाठीमागं बसवून मीच स्कूटी...
जाऊ दे.

४ मार्च
तीन दिवस झाले, फोन लागत नाही. केनवडले टॉवरचं काम आहे म्हणे.
हे आणि प्रशांत सकाळीच निघून गेले. वाशीमले काम आहे म्हणे, कोणतं ते दोघायनं वेगवेगळं सांगतलं. दुपारी आल्यावर घरात पाय ठेवायच्या आधी मागच्या अंगणात आंघोळी केल्या. सुनेनं कपडे बाहेरच भिजवले.
"काहून?" मी विचारलं.
"धूळ लय होती," प्रशांत म्हणे.
आजवर धुळीनं कधी आंघोळ नाही केली या पोरानं. मी पुढं विचारलं नाही. संध्याकाळी फोन लावून दे, असंही म्हटलं नाही.

१८ मार्च
गजू आला. आक्काचा पोरगा. यायनंच बोलावला असंन, माझं मन राखायले. डोक्याले दुपट्टा बांधून आला. ऊन आहे, सगळेच बांधतात. पण घरात बसला, पाणी प्याला, जेवायले बसला, तरी दुपट्टा सोडला नाही. हे त्याच्याकडे पाहत नव्हते आणि तो माझ्याकडे.
वाढायले मागून वाकली तेव्हा मान दिसली. दुपट्ट्याखाली एक केस नाही. वस्तरा फिरलेला.
"माय जेवते का रे?"
"हो मावशी. भाकर चुरते अन् दुधात खाते."
"मले काई म्हनते?"
त्यानं ताटातली मिरची बाजूले सारली. "म्हनते, गोळ्या वेळेवर घेत जाय."
आक्का असं जन्मात म्हणाली नसती. मी त्याले आणखी वरण वाढलं. लेकरू वाळून गेलं आहे. जाताना पाया पडला, तेव्हा पण दुपट्टा एका हातानं धरून होता. डोक्यावर हात ठेवायचा होता मले. ठेवला नाही, भीती वाटली.

१९ मार्च
आक्का गेली.
लिहून पाह्यलं.
मले तोंड पाहू दिलं नाही. मातीले नेलं नाही. तेरवी पण होऊन गेली असंन, आणि मी इथं बिनमिठाचं वरण खाऊन राह्यली. माझ्या काळजीपोटी म्हणे. कोणी मागतली होती ही काळजी? जिच्याजवळ रडायचं तीच गेली, आणि रडली तर हे तिघं उचलून दवाखान्यात नेतील. न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबला. छातीवर हात ठेवून पाह्यला. चालू होतं, नेहमीसारखं. मलेच राग आला त्याचा.

२६ मार्च
वाशीम. डॉ.बाई खूश. हृदय पहिल्यासारखं झालं म्हणे, पडदा फिरवून दाखवलं. खरंच छान दिसत होतं.
"बहिणीजवळ बोलता ना?"
हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचून राह्यले.
"हो," मी म्हटलं, "रोज."
"तेच कामी आलं बघा."
हे पाणी प्यायले म्हणून बाहेर गेले. बाईले सांगून टाकावं असं एक वेळ तोंडावर आलं होतं. पण बाहेर लय पेशंट बसले होते.

२ एप्रिल
कुरडया घातल्या. साचा सुनेनं दाबला. चीक बिघडला नाही, पातळ तार आली, आक्काले खोड काढायले जागा नव्हती. पहिली वाटी भरून मी ओट्यावर ठेवली आणि विसरल्यासारखं केलं. सून ती वाटी पाहून रडायले लागली. म्हणे, धूर गेला डोळ्यात. गॅसवर कायचा धूर? तिले जवळ घ्यावं वाटलं, पण घेतलं नाही. तिनं तरी सांगायचं होतं, ती पण कोणाची बहीण आहे.

९ एप्रिल
सकाळी हे म्हणाले, "केनवडले जाऊन याचं का एखांद्या दिवशी?" आवाज असा, जसं बाजारातून मेथी आणू का विचारते माणूस. आता सांगायले हरकत नाही असं ठरलं असंन यायचं.
मी म्हटलं, "उद्याच जाऊ. आक्काच्या वाट्याच्या कुरडया द्याच्या राह्यल्या."
तिचा मोठा डबा काढला. काठोकाठ भरला. वरून फडकं बांधून त्यायच्याच हातात दिला. "तुमीच धरा. मले वजन उचलू नोको म्हनतात ना."
हे डबा धरून उभे. फडक्याची गाठ चाचपली. म्हणे, "झाकन घट्ट हाये ना?" मी हो म्हटलं. मग दाराजवळ नेऊन ठेवला, चपला बाजूले सारून.
एकदा वाटलं, सांगून टाकावं मले माहीत आहे म्हणून. रडतील बिचारे. मग आठवलं, मले कोणी रडू दिलं?
उद्या सकाळच्या एसटीनं जायचं. केनवड काही लय दूर नाही. स्टँडवर सांगतात, का वाटेत, का आक्काच्या दारात नेऊन उभं करतात, पाहू. मी विचारणार नाही. डबा त्यायच्याच मांडीवर राहील.