तिथं कावळे नाहीत

आई, मी चेन्नई सोडून चालले. तुला हे आधीच सांगायला हवं होतं, पण रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला भात ठेवताना तोंडाशी येतं आणि तसंच गिळून टाकते. तुझा नातू स्पेनमध्ये समुद्राकाठच्या एका लहानशा गावात राहतो. तू गेल्यावर तो झाला, सिरुसेरीच्या कॉम्प्युटर कंपनीत लागला आणि तिथूनच उडाला. आता मला न्यायला येतोय. मागं मी न्हाणीघरात पाय घसरून पडले, तर कामवाली येईपर्यंत गार फरशीवर तशीच पडून होते. हाका मारून घसा बसला, पण ऐकणार कोण? तेव्हापासून पोराच्या डोळ्याला डोळा नाही. "अम्मा, असं किती दिवस एकटीनं काढशील?" म्हणतो. त्याचं काय चुकलं? मी हो म्हटलं. घरही बिल्डरला दिलं. ही इमारत पाडणार आहेत, म्हणजे कठडासुद्धा राहायचा नाही.

वेस्ट मांबलमचं आपलं ते भाड्याचं बिऱ्हाड आठवतं. तू भाताचं पातेलं उतरवतेस आणि वाफाळता पहिला घास, वर तूप सोडून, केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढतेस. मला शाळेला उशीर झालाय, मी पातेल्यात हात घालते आणि पळीचा दांडा मनगटावर बसतो. "कावळ्याच्या आधी जेवतेस काय गे? तुझी आजी बाहेर ताटकळलीय, दिसत नाही?" मी रडत विचारते, "आजी आहे तर बोलत का नाही?" तू म्हणतेस, "ऐकते की. बोलायला आपण आहोत ना!" मग भात ठेवून "का, का" करतेस आणि त्या पाखराला घरचं सगळं सांगत बसतेस, बाबांचा खोकला, चिंचेचा भाव, माझा हट्टीपणा. सगळं आपल्या तंजावरी मराठीत. बाहेर तमिळ, आत मराठी. उंबरठ्यावर चपलांबरोबर जीभही बदलायची. शाळेत मी तमिळच शिकले. या पत्रातली ही अक्षरं मागाहून पंचांगावरून आणि आरतीच्या पुस्तकावरून एकेक जुळवली, तेव्हा वेडंवाकडं सांभाळून घे.

परवा त्यानं फोनवर ते गाव दाखवलं. निळं पाणी, पांढरी घरं, आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी घाबरून विचारलं, "कर्फ्यू लागलाय काय रे कण्णा?" "नाही मा, जेवून झोपलेत सगळे. किती शांत आहे बघ!" शांत तर आहेच. न्हाणीघरातही शांतच होतं. मी म्हटलं, "तिथं कावळे आहेत?" "आमच्याकडे तरी नाहीत मा. सीगल आहेत, पांढरे, मोठ्ठे. भात टाक, ते पण खातील." आता पांढऱ्या पाखराला मी आई म्हणून कशी हाक मारू?

इतक्यात तुझी पणती पुढे आली, हात हलवून म्हणाली, "ओला!" मी म्हटलं, "ओला नव्हे गे, मुलीनं ओली म्हणायचं. कुठं भिजून आलीस?" ते त्यांच्यातलं नमस्कारासारखं आहे म्हणे, मला काय ठाऊक! तुझा नातू विचारात पडला आणि त्यानं हळूच, नेहमीसारखं तमिळमध्येच विचारलं, "ओला म्हणजे ईरम, नाही का मा?" माझ्या पोटचा पोर आई, आणि ओलं म्हणजे काय हे त्याला विचारावं लागलं. मी हो म्हटलं, हसले, फोन ठेवला. पोरगी केव्हाच पळाली होती.

दुसऱ्या दिवशी कठड्यावर हीच गंमत कावळ्याला सांगितली. ओला नव्हे, ओली! एकटीच हसले. शेजारची म्हणाली, "मामी, कुणाशी बोलताय?" म्हटलं, "आईशी." तुझे जावई गेल्यापासून मी आपली भाषा दुसऱ्या कुणाशी बोललेच नाही. तिथं पोरगा माझी काळजी घेईल, सून फळं चिरून देईल, आणि मी खिडकीत बसून मुकी होईन. पडले तर उचलतील, एवढं मात्र खरं.

हे लिहून कठड्यावर भाताशेजारी ठेवीन म्हणत होते, पण राहू दे. तो कावळा तू नाहीस, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण मराठीत बोललं की मान वाकडी करून थांबणारा तो एकटाच उरला होता. म्हणून त्याला आई म्हटलं.